कॉलर हिरवी आहे

केळापुरे सरांचं तोंड उघडेनासं झालंय, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळलं.

सकाळी संस्थेच्या कॅन्टीनमध्ये झणझणीत तर्री ओतलेले पोहे खायचे हा त्यांचा नेम. एके दिवशी ते काउंटरवर म्हणाले, "तर्री नको." पुढे काही दिवसांनी चमच्याच्या टोकाने पोहे ओठांच्या फटीतून आत सारताना दिसले. मग कॅन्टीनला येणंच बंद झालं. डबा खोलीत मागवायचा, दार लावून खायचा. नागपुरात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून दिलेला. वर्षानुवर्षं तो गालात धरला की आतली मऊ त्वचा पांढरी आणि ताठ होत जाते, ओलं चामडं वाळून वादी व्हावी तशी. आधी तिखट झोंबतं, मग जबडा आवळतो. काहींच्या गालात गाठ येते.

सरांच्या आली. ती बातमी मला प्रयोगशाळेत कळली, आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की आता यांना जागेपणी नळी घालावी लागणार. दुसरा विचार, की ती घालताना मी तिथे असणार. हात धुवायला म्हणून मी बेसिनपाशी गेले. आरशात बघितलं तर मी हसत होते.

हे समजायला थोडं विज्ञान लागेल.

मोठ्या शस्त्रक्रियेआधी माणसाला झोपवतात. झोपला की त्याचे स्नायू सैल पडतात, श्वास थांबतो. मग भूलतज्ज्ञ तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून त्याचा श्वास आपल्या ताब्यात घेतात. पण तोंडच उघडत नसेल तर? झोपवल्यावर नळी गेली नाही, तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून अशा रुग्णाला आधी झोपवत नाहीत. तो जागा असताना, स्वतःचा श्वास स्वतः घेत असताना, नाकातून बारीक दुर्बीण आत सोडतात आणि तिच्यावरून नळी सरकवतात. नळी बसली की मग झोप.

अडचण घशाची असते. पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला तरी घसा आकांत करतो, आणि इथे करंगळीएवढी नळी घालायची असते. म्हणून तो आधी बधिर करायचा. पूर्वी त्यासाठी लिग्नोकेन वापरत. गुळण्या, फवारा, नाहीतर धुकं करून श्वासातून. वेळ लागायचा, आणि जास्त दिलं तर झटके येण्याची भीती. त्यामुळे डॉक्टर थोडं देत, थांबत, विचारत, "आता जाणवतंय का?" पुन्हा देत, पुन्हा विचारत.

आमच्या रेणूने ते विचारणं संपवलं.

केळापुरे सरांनी त्याचं नाव आपल्या नावावरून केलापिन ठेवलं होतं. अंधारात हा रेणू दुमडलेला असतो, निरुपद्रवी. त्याच्यावर जांभळा प्रकाश पडला की तो सरळ होतो आणि मज्जातंतूच्या सूक्ष्म दारांत पाचरीसारखा बसतो. त्या दारांतून सोडियम आत गेल्याशिवाय वेदनेचा संदेश पुढे जात नाही. प्रकाश काढला की थोड्या वेळात रेणू पुन्हा दुमडतो आणि दार मोकळं होतं. रुग्णाने केलापिनचं धुकं ओढायचं, दुर्बिणीच्या टोकाला जांभळा दिवा, आणि जिथे उजेड पडेल तिथे बधिरता. गळ्याभोवती एक कॉलर. ती स्वरयंत्राच्या मज्जातंतूतले संदेश कातडीवरून ऐकते, आणि संदेश थांबले की तिच्यावरची पट्टी हिरवी होते. पट्टी हिरवी झाली की डॉक्टर नळी घालतात. रुग्णाशी बोलायची गरज उरत नाही.

मी एम.एस्सी. करून संस्थेत नोकरीला लागले आणि सरांकडे पीएच.डी. करू लागले. माझ्या वाट्याला एक प्रश्न आला होता. खर्ऱ्याने ताठ झालेल्या घशात हा प्रकाश किती खोल जातो? फारसा जात नाही, हे उत्तर. जांभळा प्रकाश मुळातच उथळ, आणि त्या पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यात तो दुधात टॉर्च मारावी तसा विखुरतो. वरचा थर बधिर होतो, त्यामुळे हलक्या स्पर्शाने उमासा येत नाही आणि डॉक्टरांना वाटतं, झालं काम. खालचा थर जागाच असतो. शिवाय टाळूमागच्या भागाची जाणीव एका वेगळ्या, खोलवरच्या मज्जातंतूकडे असते. त्याचा आवाज कॉलरपर्यंत पोचतच नाही. पट्टी हिरवी राहते आणि माणूस सगळं सोसत असतो. चार रुग्णांनी तसं मला सांगितलंही होतं. यावर उपायही मी काढला होता, आणि तो सोपा होता. अशा रुग्णाला आधी अर्धा तास जुन्या लिग्नोकेनचं धुकं द्या. त्याला प्रकाश लागत नाही. ते सावकाश मुरतं.

सरांनी ते प्रकरण वाचून माझ्या टेबलावर टाकलं.

"'लिग्नोकेनची गरज संपली' हे आपल्या पेपरचं पहिलं वाक्य आहे, चैताली. आणि तू शेवटी म्हणतेस, लिग्नोकेन द्या."

"सर, आपल्याकडे ज्यांना ही नळी लागते त्यांतले बहुतेक खर्रावाले आहेत."

"चार माणसांच्या कुरकुरीला डेटा म्हणत नाहीत."

पेपर छापून आला तेव्हा त्यात ते प्रकरण नव्हतं. माझं नावही नव्हतं.

एवढंच असतं तर मी दुसरी नोकरी बघितली असती. पण पुढच्या वर्षी माझ्या बाबांच्या जबड्यात गाठ निघाली. बाबा वरोरा डेपोला एसटी चालवायचे. गाडी सुटताना एक खर्रा, पोचल्यावर एक. चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मी तिथल्या भूलतज्ज्ञांना गाठून सांगितलं, आधी लिग्नोकेन द्या. त्यांनी मोबाइलवर पेपर उघडून माझ्यापुढे धरला. "तुमच्याच संस्थेचा आहे ना हा? यात दाखवा कुठे लिहिलंय ते." मी काय दाखवणार होते?

बाबांनी नंतर मला सांगितलं. नळी जाताना टाळूच्या मागे कोणीतरी तापलेली सळई ओढत नेतंय असं वाटलं, म्हणाले. तोंड उघडत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, हात पट्ट्यात होते. त्यांनी पाय आपटले तर डॉक्टर म्हणाले, "काका, कॉलर हिरवी आहे, उगाच मनात घेऊ नका." सगळे गळ्यातल्या पट्टीकडे बघत होते, चेहऱ्याकडे कोणीच नाही. सहा महिन्यांनी गाठ परत आली. दुसरं ऑपरेशन करावं लागणार होतं. बाबांनी सरळ सांगितलं, "मरतो, पण ती नळी नको." आणि तसंच केलं.

मी नोकरी सोडली नाही. लोकांना वाटलं, पोटासाठी. संस्थेतल्या प्रत्येक केसला धुकं करणाऱ्या यंत्रातला केलापिनचा कप भरायचा आणि जांभळा दिवा सांभाळायचा हे काम मी मागून घेतलं होतं. कशाची वाट बघत होते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

*

सरांच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. बोलताना जबडा हलत नव्हता; शब्द दातांमधून गाळून येत होते.

"उद्या पुण्याच्या परिषदेत आपलं थेट प्रक्षेपण आहे, माहितीये ना? शोध लावणारा स्वतः टेबलावर. झोपेचं औषध नाही, काही नाही. कल्पना माझीच."

"माहितीये सर."

"कप तूच भरणार?"

"हो."

ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळी सात वाजता मला तयारीच्या खोलीत घेतील. सगळ्यांना वाटेल केलापिनचं धुकं चालू आहे. पहिला अर्धा तास कपात लिग्नोकेन असू दे. मग बदल."

मी त्यांच्या तोंडून हे ऐकायला किती आसुसले होते, ते मला त्या क्षणी कळलं.

"का सर?" मी विचारलं.

"का म्हणजे?"

"चार माणसांच्या कुरकुरीला आपण डेटा म्हणत नाही ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसता हिशोबीपणा होता. "चैताली, तुझी पीएच.डी. अडकलीये. मी बरा होऊन आलो की आधी तीच काढतो. आणि भूल देणाऱ्या बोरकुटेला यातलं काही सांगायची गरज नाही."

बाबांचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांना बाबा आठवत नव्हते, असं मला वाटतं. बाबा गेल्यावर मी रजा मागितली होती, आणि त्यांनी सही करताना मान वर केली नव्हती.

"ठीक आहे सर," मी म्हणाले. "देते."

*

सकाळी मी कप भरला. केलापिन, पेपरमध्ये लिहिल्याप्रमाणे. लिग्नोकेनची बाटली शेजारी ठेवली होती, सरांना दिसेल अशी. त्यांनी ती बघितली, डोळे मिटले आणि मास्कमधून निवांत श्वास घ्यायला लागले. मी अर्धा तास त्यांच्या उशाशी बसले. मध्ये कप बदलल्यासारखं केलं. 

भूलतज्ज्ञ बोरकुटे सर ऑपरेशन थिएटरमध्ये शीळ घालत आले. पन्नाशीचे, ढेरपोटे. केलापिनला ते 'केळं' म्हणत.

"काय सर, आज सापडले तुम्ही आमच्या तावडीत! केळं खाल्लं का पोटभर?"

सरांनी अंगठा वर केला.

"कॅमेरे चालू आहेत बरं का. पुण्याचे लोक बघून राहिले. मी काही वाकडं बोललो तर तुमच्या नावावर." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "सर, जुनी पद्धत करू का? दुखलं तर डावा हात वर करा. तुमचे हात मोकळेच ठेवतो."

"गरज नाही," सर दातांमधून म्हणाले. "कॉलर बघ."

मी दिवा लावला. नाकपुडीतून आत जांभळा उजेड गेला, सरांचा गाल आतून फिकट जांभळा दिसायला लागला. स्क्रीनवर घशाची वाट सरकत होती. गुलाबी असायला हवी तिथे मळकट पांढरी, सुरकुत्या नसलेली. बोरकुटे सरांनी दुर्बिणीच्या टोकाने टाळूमागे हलकेच टेकवून पाहिलं. उमासा नाही. कॉलरची पट्टी पिवळी होती, ती हिरवी झाली.

"वा," बोरकुटे सर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "एक ठसकासुद्धा नाही. आता नळी."

दुर्बीण बारीक असते, नळी जाड. ती ताठ टाळूमागून वळताना अडली. बोरकुटे सरांनी ती किंचित फिरवून दाबली.

सरांचे डोळे उघडले.

छताकडे नाही, सरळ माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, आणि मला वाटत होतं, आता. आता हात वर होणार. पुण्यातला अख्खा हॉल बघेल. बोरकुटे सर थांबतील, विचारतील, आणि मग सरांना सांगावं लागेल. त्यांच्याच तोंडून, सगळ्यांपुढे. यासाठी मी इतके दिवस थांबले होते.

डावा हात गादीवरून किंचित उचलला गेला. बोटं ताणली गेली. मग मुठीत मिटली, आणि मूठ पुन्हा गादीवर टेकली.

नळी पुढे सरकली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे वाहायला लागलं. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. बाकी देह दगड. नाडीसुद्धा फार वाढली नाही, सकाळी रक्तदाबाची, नाडी मंद ठेवणारी गोळी घेतली होती ना. बोरकुटे सर स्क्रीनकडे बघत होते, नर्स कॉलरकडे.

"बसली," बोरकुटे सर म्हणाले. "सर, कमाल! कसं वाटलं?"

सरांनी उजवा हात उचलला आणि कॅमेऱ्याच्या दिशेने अंगठा दाखवला. पुण्याच्या हॉलमधल्या टाळ्या आमच्या स्पीकरवर ऐकू आल्या. मग त्यांना झोपवलं.

मी दिवा बंद केला. असं काही मी धरलंच नव्हतं. दुखलं की माणूस ओरडतो, कबूल करतो, एवढंच मला वाटत होतं. हा माणूस आपल्या खोट्यासाठी सगळं सोसायला तयार होता.

*

ती चित्रफीत दोन दिवसांत सगळीकडे गेली. शोध लावणारा स्वतः टेबलावर, जागा, शांत, अंगठा वर. सरकारने जाहीर केलं की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात केलापिन आणि कॉलर पोचवली जाईल. गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूर.

रविवारी मी वरोऱ्याला घरी गेले. आईने चहा ठेवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हे तुझे सर ना गं? भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय. किती निवांत पडलेत बघ."

मी मोबाइल तिच्याकडे परत सरकवला.

आईने चित्रफीत पुन्हा लावली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ती ते बोलू नये असं मला वाटत होतं.

"म्हणजे तुझ्या बाबांनी उगाचच धसका घेतला म्हणायचा," ती म्हणाली. "मी रात्रंदिवस त्यांचंच खरं धरून बसले. जरा धीर केला असता, दुसरं ऑपरेशन करून घेतलं असतं, तर आज इथे बसून चहा प्याले असते."

"आई, सरांना दुखलं. मी तिथे होते. मी बघितलं."

"तुला काय दिसलं? ही बघ, गळ्यातली पट्टी हिरवीच तर आहे."

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. चहा उतू गेला तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो.

*

सरांना वॉर्डात भेटायला गेले तेव्हा त्यांचा आवाज परत आला होता, खरखरीत. गाल अर्धा काढून मांडीची कातडी बसवली होती. त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं.

"तू दिलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही दिलं."

"मी हललो?"

"नाही सर."

"मग?" त्यांच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं. "कोणाला सांगशील? सांगितलंस तर तूच जाशील तुरुंगात. आणि विश्वास कोण ठेवणार? सगळ्या जगाने बघितलंय." ते थांबले. श्वास घेतला. मग वेगळ्याच सुरात म्हणाले, "तुला कल्पना नाही चैताली, ते काय होतं. कोणालाच नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता ना, तर टेबल तोडून पळाला असता."

तो सूर मी ओळखला. पेपर छापून आल्यावर, पुरस्कार मिळाल्यावर ते याच सुरात बोलायचे. आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम त्यांनी केला होता आणि तो कोणालाही सांगता येत नव्हता. माझ्याशिवाय.

"अजून एक ऑपरेशन आहे म्हणे," मी म्हणाले.

"मानेतल्या गाठींचं. पुढच्या महिन्यात. त्या वेळी बोरकुटेला मी स्वतःच सांगीन लिग्नोकेन द्यायला. ॲलर्जी म्हणेन, काहीही म्हणेन. आपल्याला वाटा असतात."

ज्यांना वाटा नसतात त्यांचं काय, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. मी त्याच्या चितेला अग्नी दिला होता.

जिना उतरता उतरता माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

*

संस्थेच्या नीतिसमितीपुढे मी स्वतःहून तक्रार केली. अध्यक्ष डॉ. हरकरे बाई होत्या, सत्तरीच्या, निवृत्त शल्यविशारद. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत पेन खाली ठेवून बसत. सर चाकाच्या खुर्चीतून आले. बोरकुटे सरांना साक्षीला बोलावलं होतं.

"बोला, नन्नावरे," हरकरे बाई म्हणाल्या.

"पुण्याला दाखवलेलं प्रात्यक्षिक खोटं होतं," मी म्हणाले. "सरांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं की कपात गुपचूप लिग्नोकेन घाल. मी घातलं. सर शांत राहिले ते केलापिनमुळे नाही, लिग्नोकेनमुळे."

बोरकुटे सरांच्या तोंडाचा आ झाला. सरांनी भुवया उंचावल्या. हे त्यांनी धरलं नव्हतं.

"मी असं काही सांगितलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले. "हिचे वडील मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून ती जरा... मी समजू शकतो. माझी काही तक्रार नाही."

"अर्धा तास लिग्नोकेन दिलं होतं," मी म्हणाले. "चांगलं मुरलं होतं. त्यानंतर कोणालाच काही जाणवत नाही. शाळकरी पोरसुद्धा तशी नळी घालून घेईल."

सरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला.

"पण चित्रफितीत रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी आलेलं दिसतं," हरकरे बाई म्हणाल्या. "मी ते दोनदा पाहिलं."

"धुक्याने येतं मॅडम. लिग्नोकेन जरा झोंबतं डोळ्यांना. त्यात विशेष काही नाही." मी सरांकडे वळले. वॉर्डातला त्यांचा तो सूर माझ्या कानात होता. "लोक उगाच म्हणतात, काय धीर, काय सहनशक्ती. धीर कसला त्यात? सर टेबलावर आरामात पडून होते. घसा पार बधिर होता. दाढीला बसल्यासारखे."

"बस कर," सर म्हणाले.

"आणि आता जगभर कौतुक चाललंय. कशाचं? सोसलं तर काहीच नाही. माझे बाबा साधे ड्रायव्हर होते, पण त्यांनी निदान खरं..."

"खोटं बोलतेय ही!" सर ओरडले. ओरडताना गालावरचे टाके ताणले गेले आणि त्यांनी एका हाताने चेहरा धरला, पण थांबले नाहीत. "एक थेंब नव्हता त्या कपात! एक थेंब लिग्नोकेन नव्हतं! मी सांगतो ना!"

 हरकरे बाई पुढे झुकल्या.

"तुम्हाला कसं कळलं, डॉक्टर?"

सरांचं तोंड, जेवढं उघडत होतं तेवढं, उघडंच राहिलं. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. नुसत्या बघत राहिल्या, चेहऱ्याकडे.

बोरकुटे सर खुर्चीतून उठले आणि सरांच्या समोर येऊन वाकले. त्यांचा आवाज मी इतका खालचा कधी ऐकला नव्हता. "सर, माझ्या हातात होती ना हो नळी. मी दाबली ती. दुखलं का तुम्हाला?"

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त वाट बघत होते.

"हो," ते म्हणाले.

आणि मग ते बोलायला लागले. आधी तुटक, मग सलग. खालचा थर कसा जागा राहतो. जांभळा प्रकाश तंतूंच्या जाळ्यात कसा विखुरतो. कॉलर ज्या मज्जातंतूचं ऐकते तो वेगळा आणि टाळूमागचा वेगळा. आधी अर्धा तास काय द्यायला हवं. मला ती वाक्यं ओळखू आली. माझीच होती, त्याच क्रमाने. वगळलेलं ते प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं.

"मॅडम, कपाबद्दल मी खोटं सांगितलं," मी म्हणाले. "लिग्नोकेन घालते असं मी सरांना म्हटलं आणि घातलं नाही. मुद्दाम. हे माझ्या नावावर लिहून घ्या."

हरकरे बाईंनी ते लिहून घेतलं. "तुमचं काय करायचं ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "बाहेर थांबा."

बाहेर व्हरांड्यात बाकावर कोणी नव्हतं. दार नीट लागत नाही, फट राहते. मी आईला फोन लावला.

"काय गं? जेवायला बसतेय."

"ऐक," मी म्हणाले, आणि फोन फटीशी धरला.

आत सर सांगत होते, नळी वळणावर अडली तेव्हा काय झालं ते. किती वेळ, कुठे, कसं. आवाज मधेच फाटत होता. हुंदका होता की सूज, ते बाहेरून कळत नव्हतं, आणि मला कळून घ्यायचंही नव्हतं. बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं.

फोनवर ताट सारल्याचा आवाज आला.  मग आईचा आवाज, अगदी बारीक झालेला.

"कोण आहे गं हा माणूस?"

"कॉलर हिरवी असलेला," मी म्हणाले. "ठेवू नको आई. अजून बोलतायत."